वासराला म्होरकीची सवय लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुकतं जन्मलेलं वासरू दोन हातांत उचलता येतं. जातीप्रमाणे त्याचं वजन साधारण 20 ते 40 किलो भरतं. वर्षभरात तेच जनावर माणसाच्या तिप्पट-चौपट वजनाचं होतं आणि मग त्याला जोराने कुठे नेणं माणसाच्या हातात राहत नाही. डॉक्टर सुई भरून उभे आहेत, चौघं मिळून कालवडीला खांबाशी दाबताहेत, ती डोळे फाडून झटापट करते आहे, हे अनेक गोठ्यांत घडतं. तीच कालवड दोन महिन्यांची असताना म्होरकीवर, म्हणजे डोक्याला घालायच्या दोरावर, चालायला शिकली असती, तर हे काम एका माणसाने पाच मिनिटांत केलं असतं. म्हणून मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर देतो.

म्होरकी कशाला हवी? गळ्यात दावं आहेच की.

गळ्यातलं दावं जनावर जागेवर ठेवायला चालतं, चालवायला नाही. वासराची सगळी ताकद मानेच्या बुडाशी आणि खांद्यांत असते. गळ्याला दोर लावून ओढलं की ते मान खाली घालून अख्ख्या अंगाने उलटा जोर लावतं. त्यात श्वासनळी दबते, घुसमट होते, घुसमटीने भीती वाढते आणि भीतीने जोर आणखी वाढतो. म्होरकी डोक्यावर बसते: एक पट्टी कानांच्या मागून, एक नाकाच्या हाडावरून आणि हनुवटीखालून सरकणारा दोर. तिच्यामुळे डोकं वळवता येतं, आणि डोकं वळलं की अंग आपोआप मागोमाग येतं.

मग सरळ वेसणच का घालू नये?

लहान वासराला वेसण नको. नाकाचा पडदा नाजूक असतो, एखादा हिसका बसला तर तो फाटतो आणि फाटलेला पडदा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. शिवाय वेसण दुखवून थांबवते, म्होरकी दिशा दाखवते. म्होरकीवर नीट तयार झालेल्या कालवडीला पुढे वेसणीची गरजही पडत नाही, असा माझा अनुभव आहे. मोठ्या वळूची गोष्ट वेगळी, पण तो आजचा विषय नाही.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

हात लावायची सवय पहिल्या आठवड्यापासून. म्होरकी नुसती चढवून उतरवणं दोन-तीन आठवड्यांनी. दोर धरून चालायला शिकवणं एक ते तीन महिन्यांच्या दरम्यान. या वयात वासरू दोराला झटका देतं तेव्हा तुम्ही जागेवर उभे राहू शकता, आणि इथे तेच महत्त्वाचं. एकदा का वासराला कळलं की जोर केला की माणूस सुटतो, तर ते ज्ञान त्याच्याकडून परत घेणं फार कठीण जातं.

काही दिवस मात्र मुद्दाम टाळावेत. दूध तोडण्याचा आठवडा, लस टोचल्यानंतरचे दोन-तीन दिवस, हगवण किंवा खोकला असलेले दिवस. शिंगं येऊ नयेत म्हणून शिंगकळ्या जाळल्या असतील तर खपली पडून खालची कातडी पूर्ण भरेपर्यंत थांबा. म्होरकीचा दोर नेमका त्या जागेच्या मागे बसतो. जखम वरून सुकलेली दिसली तरी ती जागा अनेक आठवडे हळवी राहते, आणि म्होरकी म्हणजे डोकं दुखणं अशी गाठ वासराच्या मनात बसते. कानात नवीन बिल्ला ठोकला असेल तेव्हाही हेच.

म्होरकीच्या आधी काय करायचं?

माणसाची भीती घालवायची. दोराचं शिक्षण खरं तर इथूनच सुरू होतं, आणि बहुतेक जण घाईत हाच टप्पा गाळतात.

वासराला जवळजवळ सगळ्या बाजूंचं दिसतं, साधारण 330 अंशांचं. फक्त पाठीमागची आणि नाकाच्या अगदी पुढची थोडी जागा त्याच्या नजरेबाहेर असते. म्हणून मागून जायचं नाही आणि समोरून सरळ चाल करून डोक्यावर हातही न्यायचा नाही. खांद्याच्या रेषेत, तिरकं, सावकाश जायचं. दोन-चार पावलं आधी थांबून खाली उकिडवं बसायचं आणि वासराला येऊ द्यायचं. ते येतंच. आधी मान लांब करून हुंगतं, दचकून मागे सरतं, पुन्हा येतं आणि एकदम बाही चाटायला लागतं. त्या वेळी हात हलवू नका. पुरेसं हुंगून झालं की बोटांनी गळ्याखालच्या लोंबत्या पोळीला खाजवा. ती जागा वासराला स्वतःला चाटता येत नाही. खाजवणं आवडलं की ते मान पुढे ताणून, डोळे अर्धे मिटून उभं राहतं. तिथून हात मानेवर, पाठीवर, शेपटीच्या बुडाशी, मग कानांमागे आणि नाकाच्या हाडावर न्यायचा. म्होरकी जिथे जिथे टेकणार, तिथे आधी तुमचा हात टेकलेला असला पाहिजे.

कपाळ मात्र चोळायचं नाही. कपाळावर हाताचा दाब आला की वासरू उलट डोकं लावतं. आज ते गोड दिसतं. सहा महिन्यांनी तीच ढुशी तुमच्या बरगड्यांवर बसते.

आवाजाने काही फरक पडतो का?

खूप पडतो. गुरांना आपल्याहून बारीक, उंच आवाजही ऐकू येतात. आपली मर्यादा 20 हजार हर्ट्झच्या आसपास, त्यांची 35 हजारांच्या आसपास. गोठ्याच्या फाटकाची कर्कश कडी, पत्र्यावर पडणारी बादली, शिट्टी यांनी ती आपल्यापेक्षा जास्त दचकतात. हळू, एकसुरात बोला. चालण्यासाठी एकच शब्द ठरवा, थांबण्यासाठी एकच, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरावेत.

दोर कोणता घ्यावा?

लहान वासराला 8 ते 10 मिलिमीटर जाडीचा, मऊ सुती किंवा सुती-मिश्र दोर. याहून बारीक दोर कातडीत रुततो, जाड दोर सैल सोडला तरी नीट सुटत नाही. नायलॉन मजबूत असतो, पण गुळगुळीत असल्याने हातातून सरकताना तळवा भाजतो, आणि घासून वासराच्या गालावरचे केस जातात. काथ्याचा दोर नको, तो टोचतो. हातात धरायचा भाग अडीच-तीन मीटर असावा. एका वासराची म्होरकी दुसऱ्याला घालू नका. गजकर्ण असंच पसरतं आणि ते माणसालाही होतं. वापरून झाली की धुऊन कडक उन्हात वाळवा.

घरी बनवता येते का?

येते. साधारण चार मीटर दोर घ्या. नाकपट्टी म्हणजे नाकाच्या हाडावरून जाणारा छोटा तुकडा, लहान वासराला वीतभर पुरतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक लहान फासा करा, पण गाठ पक्की, सरकणारी नको. डाव्या टोकापासून पुढे निघणारा लांब दोर कानांच्या मागून उजवीकडे न्या, उजव्या फाशातून ओवा, हनुवटीखालून डावीकडे आणा आणि डाव्या फाशातून बाहेर काढा. हाच तुमच्या हातातला दोर. ओढला की हनुवटीखालचा भाग आवळतो, सोडला की सैल होतो. फासे इतके मोकळे ठेवा की दोर त्यांतून न अडखळता, सहज सरकेल.

म्होरकी नीट बसली आहे हे कसं ओळखायचं?

नाकपट्टी डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध किंवा त्याहून किंचित वर, हाडावर बसली पाहिजे. बोटाने दाबून बघा. खाली जिथे हाड संपून मऊ कूर्चा लागते, तिथे पट्टी आली तर श्वास अडतो. गुरं बहुतांशी नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे हे हलक्यात घेऊ नका. कानांमागचा दोर कानांच्या बुडाला लागून असावा, मानेवर घसरलेला नसावा. डोळ्याच्या कोपऱ्याला दोर घासत नाही ना, ते दोन्ही बाजूंनी पाहा. दोर सैल असताना हनुवटीखाली दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. हातातला दोर वासराच्या डाव्या बाजूने, हनुवटीखालून निघावा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे म्होरकी उलटी घालणं. सरकणारा भाग हनुवटीखाली येण्याऐवजी नाकावर किंवा कानांमागे येतो. मग आवळलेला दोर सैल सोडला तरी मोकळा होत नाही. वासरू बरोबर वागलं तरी त्याचा त्रास संपत नाही आणि शिकण्याचा मार्गच बंद होतो.

पहिल्या दिवशी काय करायचं?

म्होरकी घालायची, दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायची, काढायची. बस. वासरू डोकं हलवेल, पायाने खरवडेल, खांबाला घासेल. करू द्या. तुम्ही मात्र तिथून हलू नका.

काही जण लहानसा दोर लोंबता ठेवून वासराला मोकळं सोडतात. दोरावर स्वतःचाच पाय पडतो, डोकं अडतं, पाय उचलला की सुटतं आणि माणसाशिवायच पहिला धडा होतो. पद्धत चांगली आहे, पण जागा मोकळी हवी, खांब-खुंटा नको, दुसरी जनावरं नकोत, दोराच्या टोकाला गाठ नको आणि तुमची नजर सतत हवी. नजर ठेवायला वेळ नसेल तर हा प्रकार करूच नका.

बांधून उभं राहायला कसं शिकवायचं?

पक्का खांब निवडा. हलणारं फाटक, पत्रा, गाडीचं चाक चालत नाही. दोर वासराच्या डोक्याच्या उंचीला किंवा थोडा वर बांधा आणि दीड-दोन फूटच मोकळा ठेवा. जमिनीलगतच्या खुंट्याला लांब दोराने बांधलं की नवशिकं वासरू हटकून पाय अडकवतं, आणि घाबरून त्यातच कोसळतं. ज्या वासराला दोराची सवय झालेली आहे त्याला खुंटा ठीक. शिकणाऱ्याला नाही.

गाठ सुरगाठच हवी, मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटणारी. निरगाठ बसली, वासरू लटकलं आणि दोर ताणलेला असला तर ती कोणाच्याही बोटांनी सुटत नाही. धार लावलेला चाकू किंवा कोयता हाताशी ठेवा. आणि गळ्याभोवती सरकफासा कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा नको. त्याने वासरं मरतात.

पहिले पाच मिनिटं झटापट होते. मग वासरू मागे झुकून दोरावर लटकल्यासारखं उभं राहतं. मग कधीतरी पाऊलभर पुढे येतं आणि दोर सैल पडतो. कोणी ओढत नाही, कोणी सोडत नाही; पुढे आलं की बरं वाटतं हे त्याचं त्यालाच समजतं. सोडायचं ते दोर सैल असताना. ताणात असताना सोडलं तर जोर केल्यावर सुटका होते हाच धडा त्याने घेतला. पंधरा मिनिटांपासून सुरू करून आठवड्याभरात अर्ध्या-पाऊण तासापर्यंत जा. बांधून घरात निघून जाऊ नका.

दोर ओढला की वासरू चारी पाय रोवून बसतं. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

ओढीच्या उलट जोर लावणं हा वासराचा स्वभाव आहे, हट्ट नाही. तुम्ही ओढता, ते मागे रेटतं, तुम्ही आणखी ओढता. अशी रस्सीखेच तुम्ही आज जिंकालही, पण वासरू शिकत काहीच नाही. कारण ओढण्याने जनावर शिकत नाही. ते शिकतं सैल सोडण्याने. दोराचा ताण हा फक्त प्रश्न आहे, त्याचं उत्तर बरोबर आलं की ताण त्याच क्षणी नाहीसा झाला पाहिजे. एवढी एक गोष्ट हाताला समजली की बाकी सगळं सोपं आहे.

करायचं असं. वासराच्या समोर उभं राहू नका, डाव्या खांद्याच्या थोडं पुढे, बाजूला उभे राहा. समोर उभं राहून त्याच्या डोळ्यांत बघत ओढणारा माणूस वासराला अडथळा वाटतो. दोर तिरका, बाजूला धरा. सरळ पुढे ओढल्यावर वासरू चारही पायांवर पक्कं उभं राहू शकतं. पण डोकं बाजूला वळलं की तोल सांभाळायला त्याला एक पाय हलवावाच लागतो. ताण हळूहळू वाढवा आणि जेवढा घेतला तेवढाच धरून ठेवा. हिसका देऊ नका, वाढवत नेऊ नका, कंटाळून सोडूही नका. वाट बघा. अर्धा मिनिट लागेल, कधी दोन मिनिटं.

माझ्याकडे एक तांबडी कालवड होती, दीड महिन्याची. पहिल्या दिवशी तिने पुढचे पाय असे रोवले की खुरांच्या दोन खोल रेघा मातीत उमटल्या. दोर ताठ, नाकपट्टी थोडी वर सरकलेली, कान मागे, डोळा माझ्यावर. मी तसाच धरून उभा राहिलो. बराच वेळ काही नाही. मग तिची पापणी लवली. एक कान पुढे फिरला. मान इंचभर खाली आली, पाऊल नाही, फक्त मान. मी मूठ उघडली. दोर पडला. ती जागेवर थांबली, नाक चाटलं, मोठा श्वास सोडला. मी पोळीला खाजवलं, दहापर्यंत मोजलं आणि पुन्हा ताण घेतला. या वेळी वाट बघायला कमी लागली आणि डावा पाय उचलला. त्या दिवशी एकूण तीन पावलं झाली. तिसऱ्या पावलानंतर मी म्होरकी काढली. चौथ्या दिवशी ती गोठ्याच्या दारापर्यंत सैल दोरावर आली.

सुरुवातीला पाऊलही मागू नका. वजन पुढे झुकलं, मान ढिली पडली, कान फिरला, एवढ्यावरही सोडा. मग एका पावलावर, मग दोन, मग पाच. सोडायला क्षणभर उशीर झाला तर वासराला कशाबद्दल सुटका मिळाली ते कळत नाही. आणि ते मागे खेचत असताना चुकून दोर सैल झाला, तर नेमकं नको ते शिकवलं गेलं. म्हणून नजर दोरावर नाही, वासराच्या मानेवर आणि पायांवर ठेवा.

ते सरळ जमिनीवर आडवं होतं. मग?

अगोदर दोर सैल करून श्वास नीट चालू आहे ना, पाहा. फरपटत नेऊ नका. मग पाठीच्या कण्याच्या बाजूने, कमरेवर बोटांनी टोचल्यासारखं करा, किंवा मागचा भाग दोन्ही हातांनी उचलून आधार द्या. गाय-वासरं आधी मागचे पाय उचलूनच उठतात. उठलं की दोन-तीन सोपी पावलं घ्या आणि त्या दिवसाचं काम थांबवा. पुन्हा पुन्हा आडवं होत असेल तर तुम्ही जास्त ताण देताय किंवा जास्त वेळ घेताय. पोट भरून दूध प्यायलेलं वासरूही झोपायला बघतं, म्हणून पाजल्यावर लगेच शिकवायला घेऊ नका.

शेपूट पिळली की चालतं. काय हरकत आहे?

शेपटीत हाडं असतात आणि पिळताना ती मोडू शकतात. पिळलेली शेपूट वाकडी राहिलेली जनावरं तुम्ही पाहिली असतील. त्यापुढे ते जनावर मागे कोणी उभं राहिलं की लाथ मारतं, आणि धार काढणारा माणूस बहुधा तिथेच बसलेला असतो. काठीचंही तेच. मार खाऊन चालणारं वासरू दोराला नाही, माराला घाबरून चालतं. काठी घरी राहिली की चालणं थांबलं.

एकदम उधळलं तर?

दोर कधीही हाताला, मनगटाला, कमरेला गुंडाळू नका. हे शंभर वेळा सांगितलं तरी थोडं आहे. दोराचे वेटोळे हातात घेतले आणि वासरू सुटलं की वेटोळं आवळून बोटं जातात. जास्तीचा दोर घड्या घालून तळव्यात धरा, म्हणजे तो एकेक घडीने निघून जाईल. लहान वासरू असेल तर पाय पक्के करून डोकं स्वतःकडे वळवा. मान वळली की ते तुमच्याभोवती गोल फिरतं, पळू शकत नाही. धरवत नसेल तर सोडून द्या. म्हणूनच पहिले आठ-दहा दिवस बंदिस्त जागेतच काम करावं. तिथे सुटून गेलं तरी फार लांब जात नाही आणि सुटण्याला काही अर्थ राहत नाही.

रोज किती वेळ आणि एकूण किती दिवस?

दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. रविवारी दोन तास आणि मग आठवडाभर काही नाही, हे कामाचं नाही. बहुतेक वासरं दोन आठवड्यांत सैल दोरावर चालू लागतात. काहींना महिना लागतो. शेवट नेहमी जमलेल्या गोष्टीवर करा, भले ती एका पावलाची असो.

खाऊ देऊन शिकवलं तर?

चालतं, पण बेताने. काम झाल्यावर मूठभर खुराक बादलीत द्या. हातातून सारखं भरवलं तर वासरू खिसे हुंगत, ढुशा देत मागे लागतं. खाजवणं हे बक्षीस त्याहून बरं, ते संपत नाही आणि त्याने जनावर शांतही होतं.

गाईसमोर शिकवावं की दूर नेऊन?

वासरू आईला पीत असेल तर सुरुवातीला आई दिसेल अशा जागी, पण मध्ये कुंपण ठेवून. वासरू हंबरलं आणि गाय मोकळी असली तर शांत गायसुद्धा अंगावर येते. पहिल्यांदा चालवताना आईच्या दिशेने चालवा, मग उलट दिशेने. एकटं पडलेलं वासरू घाबरतं, तेव्हा दुसरं एखादं जवळ बांधलेलं असू द्या.

गोऱ्ह्याला आणि कालवडीला वेगवेगळं शिकवायचं का?

पद्धत एकच, वागणूक वेगळी. बाटलीवर, एकट्याने वाढवलेला गोऱ्हा माणसालाच आपल्यातला समजायला लागतो आणि वयात आल्यावर माणसाशीच झुंजायला येतो. ज्याला आपण लाडाने वाढवलं तोच जास्त धोक्याचा ठरतो, हे ऐकायला वाईट वाटतं पण खरं आहे. म्हणून गोऱ्ह्याला इतर वासरांत वाढवा, त्याच्याशी डोक्याने खेळू नका, आणि तो तुमच्या अंगावर रेलला तर दर वेळी त्यालाच एक पाऊल मागे सरकवा. वयात आल्यावर तो कितीही गरीब वाटला तरी एकट्याने, पाठ करून त्याच्याजवळ उभं राहायचं नाही.

रेडकाला हेच लागू होतं का?

होतं, थोड्या फरकाने. म्हशीच्या कातडीत घामग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी असतात आणि रंग काळा, त्यामुळे रेडकू उन्हात लवकर तापतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी शिकवा. रेडकू घाबरलं की पळण्यापेक्षा थिजून उभं राहतं, त्याला लोक हेकट म्हणतात. वाट पाहण्याचा वेळ दुप्पट धरा.

गोठ्यात छान चालतं, पण बाहेर नेलं की अडतं. का?

वासराला डावी-उजवीकडचं भरपूर दिसतं, पण खोलीचा अंदाज कमी येतो. जमिनीवरची गडद सावली त्याला खड्डा वाटू शकते. डबकं, गटारावरची जाळी, दारातला उंबरठा, वाऱ्याने हलणारा कागद, सगळ्याशी ते थांबतं आणि मान खाली घालतं. मान खाली घातली म्हणजे ते अंदाज घेतं आहे. तेव्हा दोर सैल ठेवून हुंगू द्या, ढकलू नका. बघून झालं की बहुतेक वेळा स्वतःच पाय टाकतं. रोज एक नवीन जागा, एक नवीन माणूस, वासराच्या उजव्या बाजूनेही चालणं, एवढं महिनाभर केलं की बाजूने ट्रॅक्टर गेला तरी फरक पडत नाही.

म्होरकी कायम अंगावर राहू दिली तर रोजचा त्रास वाचेल ना?

नको. मी एकदा एक पाच महिन्यांची कालवड विकत आणली. नाकावर दोर होता, बारीक, काळा पडलेला. सोडायला गेलो तर सुटेना. केस बाजूला केले तेव्हा दिसलं की दोर कातडीच्या आत गेला आहे आणि वरून कातडी चढली आहे. दोन महिन्यांची असताना कोणीतरी बांधला असणार आणि मग तो कोणी पाहिलाच नाही. वासरू वाढलं, दोर वाढला नाही. पशुवैद्यांनी भूल देऊन तो कापून काढला. खाली किडे झाले होते. जखम भरली, पण नाकावरची खोबण आयुष्यभर राहिली, आणि तिच्या डोक्याकडे हात नेला की ती वर्षभर थरथरत होती.

या वयात वासराचं डोकं आठवड्याआठवड्याला वाढतं. काम झालं की म्होरकी काढा. काही कारणाने ठेवावीच लागली तर रोज बोटं घालून पाहा आणि आठवड्याला सैल करा.

मुलांच्या हातात वासराचा दोर द्यावा का?

वासरू शिकल्यावर, बंदिस्त जागेत, मोठं माणूस शेजारी असताना द्यावा. मुलं आणि वासरं यांचं चांगलं जमतं, कारण मुलं घाई करत नाहीत. बंद बूट घालायला लावा, दोर न गुंडाळण्याचा नियम आधी पाठ करून घ्या, आणि गोऱ्हा असेल तर तीन-चार महिन्यांनंतर मुलांकडे देऊ नका.

आमचं वासरू आठ महिन्यांचं आहे, कोणी कधी शिकवलंच नाही. उशीर झाला का?

उशीर झाला, पण काम होतं. क्रम तोच: आधी हात, मग म्होरकी, मग बांधणं, मग चालणं. फक्त बांधण्याच्या टप्प्यावर जास्त दिवस द्या. दीडशे किलोच्या जनावराशी तुम्ही हाताने झुंजू शकत नाही, ते काम खांबाला करू द्या. खांब दमत नाही आणि चिडतही नाही. दोर जाड घ्या, जोडीला एक माणूस ठेवा. बांधून शांत उभं राहायला लागल्यावर त्याला पाण्याकडे चालवायला सुरुवात करा. बांधलेल्या जागेपासून पाण्यापर्यंत रोज तोच रस्ता. जायची इच्छा त्याची स्वतःचीच असते, तुम्ही फक्त दोर धरून बरोबर चालता. मात्र यासाठी त्याला तहानलेलं ठेवू नका. नेहमीच्या पिण्याच्या वेळाच वापरा.

शिकवलेलं विसरतं का?

गुरांची आठवण पक्की असते, चांगल्याची आणि वाईटाचीही. दोन-तीन महिने खंड पडला तर पहिला दिवस थोडं अडतं, दुसऱ्या दिवशी जागेवर येतं. महिन्यातून दोन-तीनदा म्होरकी घालून फेरी मारत राहा. आणि दर वेळी सुई टोचायलाच म्होरकी घालू नका; चार वेळा नुसती फेरी आणि खाजवणं, मग एकदा सुई, असं असावं.

कधी ताबडतोब थांबावं?

तोंड उघडून, जीभ बाहेर काढून श्वास घेऊ लागलं तर. पाय लडखडले तर. नाकातून रक्त किंवा फेस आला तर. एरवी उत्साही असलेलं वासरू अचानक चालायला नकार देऊ लागलं, कान पाडून उभं राहिलं, तर आधी थर्मामीटर लावा. निरोगी वासराचं तापमान साधारण 101.5 ते 103 फॅरनहाइट असतं, उन्हात किंवा झटापटीनंतर थोडं वर दिसतं, म्हणून अर्धा तास सावलीत ठेवून मोजा. त्यानंतरही 103.5 च्या वर असेल तर म्होरकी खुंटीला टांगा आणि डॉक्टरांना बोलवा. नाळेची जागा सुजली आहे का, गुडघे गरम लागताहेत का, तेही पाहा. सांधा दुखत असलेल्या वासराला लोक अडेल म्हणून ओढत राहतात, आणि त्याला मात्र पाऊल टाकणंच शक्य नसतं.